घरच्या टेबलावर जुना ऑल-इन-वन उघडताना

दवाखाना, पतपेढी, फोटो स्टुडिओ, शाळेचं ऑफिस. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यांना टेबलावर वायरींचा पसारा नको होता, त्यांनी ऑल-इन-वन घेतले, म्हणजे स्क्रीनच्या मागेच सगळा कॉम्प्युटर बसवलेली मशीनं. आता त्यातले बरेच माळ्यावर पडून आहेत. "भाऊ, हाई चालूच व्हत नही," एवढंच सांगून लोक ते माझ्याकडे आणून ठेवतात. मी अमळनेरला घरीच ही कामं करतो आणि शिकायला येणाऱ्या पोरांना याच मशीनपासून सुरुवात करायला लावतो. रॅम लॅपटॉपची, डीव्हीडी ड्राइव्ह लॅपटॉपची, पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांची रचनाही तशीच. पण जागा ऐसपैस असल्याने बोटं आत जातात आणि कोणती वायर कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं. यावर हात बसला की लॅपटॉप उघडायची धास्ती राहत नाही.

आपल्याकडची बहुतेक मशीनं धूळ, ऊन आणि लाईटच्या येण्या-जाण्याने बंद पडतात. मुख्य सर्किट बोर्ड खरोखर गेलेला फार कमी वेळा सापडतो. म्हणून गिऱ्हाइकाला "बोर्ड गेला" हे शब्द सगळ्यात शेवटी सांगायचे.

पेचकस हातात घ्यायच्या आधी तपासायच्या गोष्टी आहेत. बाहेर अ‍ॅडॉप्टर असेल तर मल्टीमीटर लावा. बहुतेकांवर १९ किंवा १९.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. रीडिंग बरोबर आलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. थकलेला अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि मशीनचा भार आला की बसतो. त्याच क्षमतेचा दुसरा लावून पाहणं हीच खरी परीक्षा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच अ‍ॅडॉप्टरना मधोमध बारीक पिन असते, तिच्यावरून मशीन अ‍ॅडॉप्टर ओळखतं. ती वाकली असेल तर सगळं ठीक असूनही तक्रार येते.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी आहे, अशा वेळी खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपी धरा. फिकट, धुरकट असं चित्र दिसलं, एखादा आयकॉन ओळखू आला, तर पॅनलवर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. जुन्या मशीनमध्ये तो उजेड बारीक ट्यूबचा असतो आणि ती पेटवणारी इन्व्हर्टरची पट्टी वेगळी मिळते. २०१०च्या आसपासपासून एलईडी आले. या एका तपासणीने नवीन स्क्रीनचा खर्च वाचू शकतो.

आता जिवाची गोष्ट. काही मशीनमध्ये, २०२१पूर्वीच्या आयमॅकमध्ये (अ‍ॅपलचा ऑल-इन-वन) तर नेहमीच, पॉवर सप्लाय पोटातच असतो. घरातली २३० व्होल्टची लाईट आत डीसी झाली की सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकते. प्लग काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मशीन बराच वेळ तसंच राहू द्या, आणि तरीही सप्लायच्या पट्टीला हात लावू नका. सप्लायची दुरुस्ती शिकलेल्या माणसाकडे. नवशिक्याने आख्खा सप्लाय बदलायचा, उघडायचा नाही.

उघडताना जाड चादर घालून मशीन स्क्रीनवर पालथं ठेवा. आधी स्टँड, मग रबराखाली आणि स्टिकरखाली लपलेले स्क्रू. कव्हर लॉकवर बसलेलं असतं. लोखंडी पेचकस खुपसला की ओरखडा कायमचा, म्हणून जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा आणि कडेकडेने फिरवा. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. स्क्रू कागदावर मशीनचा आकार काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर पॅनलमध्ये घुसतो.

आत काय दिसतं? कापसाच्या जिनिंगच्या बाजूची मशीनं उघडली की पंख्याच्या तोंडाशी कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर झालेला असतो. दुकानात कूलर समोर असेल तर तो थर ओलसर, घट्ट, राखाडी. पंखा फिरवून वरची धूळ उडाली म्हणजे काम झालं असं समजू नका. पंख्याचे स्क्रू काढा आणि पंखा व हीटसिंकच्या पात्यांमधला तो पडदा चिमट्याने अख्खा ओढून काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हीटसिंकचे स्क्रू आकडे लिहिलेले असतील त्या क्रमाने, थोडे-थोडे सैल करा. चिप आणि हीटसिंकच्या मधली, वाळून खडू झालेली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

मशीन "लई हळू" असेल तर हार्डडिस्कच्या जागी साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) टाका. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. गिऱ्हाइकाचा डेटा मात्र आधी बाजूला काढायचा, फोटो आणि टॅलीचा फोल्डर विचारून घ्यायचा. रॅम घेताना १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल यातला फरक पाहा. 'एल' बहुतेक जुन्या बोर्डावर चालते, उलटं नेहमी चालत नाही. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला.

आयमॅक आला तर साल विचारा. २००९च्या अखेरीपासून २०११पर्यंतच्या मॉडेलची काच चुंबकावर बसते. दोन सक्शन कपने उचलली की खाली टी१० चे (ताऱ्यासारख्या खाचेचे) आठ स्क्रू. स्क्रीन एकदम उचलू नका, खाली बारीक केबल आहेत. त्यात हार्डडिस्कचं तापमान कळवणारी खास व्यवस्थाही असते, म्हणून साधी डिस्क टाकली की पंखा पूर्ण वेगाने ओरडत राहू शकतो. त्याची तयारी आधी करा. २०१२च्या अखेरीपासूनच्या बारीक कडांच्या मॉडेलची स्क्रीन पट्ट्यांनी चिकटवलेली आहे. पहिल्या वर्षी ते काम घेऊ नका.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. टायपिंग, ब्राउझर, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम सुचवतो, पण टॅली किंवा प्रिंटरचं विशिष्ट सॉफ्टवेअर चालतं की नाही हे आधी पाहूनच.

जोडून झाल्यावर मशीन सकाळच्या गारव्यात तपासून देऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो, आणि मशीनचं तापमान खोलीपेक्षा खाली येऊच शकत नाही. दुपारी दोनला, कूलर बंद ठेवून, तासभर व्हिडिओ चालवा आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवा. ९० च्या वर जात असेल तर हीटसिंक पुन्हा काढा. त्याच वेळी गिऱ्हाइकाला स्टॅबिलायझर किंवा यूपीएसचं सांगा, आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही हेही.