वयात येणारं पोर, ताण आणि व्यसन: आईबापांनो, या चुका टाळा

दहावी झाली की बीड, परभणी, हिंगोलीकडची कितीतरी पोरं नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहतात. रात्री घरून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "टेस्टला किती पडले?" माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. मार्क घसरले की पोरगं फोन टाळतं, मग थापा मारतं, आणि खरंच जीव घाबरा होतो तेव्हा सांगायला कुणी उरत नाही. आधी विचारा: जेवलास का, झोप लागते का, खोलीतली पोरं कशी आहेत? न घाबरता सगळं सांगता येईल असं एक तरी मोठं माणूस, मग ते मामा असो, आजी असो की सर, प्रत्येक पोराला हवं. नैराश्य आणि व्यसन, दोन्हींपासून राखणारा हा मोठा आधार आहे.

दुसरी चूक कुणाला चूक वाटतच नाही. "जा रे, टपरीवरून पुडी आण." राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, अठराच्या आतल्यांना तंबाखू विकणंही गुन्हा आहे. पण पोर कायदा बघत नाही, बापाचा हात बघतं. त्यात कमी वयात लागलेलं व्यसन सुटायला जास्त जड जातं.

खिशात पुडी सापडली की मारझोड होते, कबड्डी बंद होते, मित्र तोडले जातात. म्हणजे सावरणारं जे होतं तेच आपण काढून घेतो. ते कशापायी सुरू झालं, हे शांतपणे विचारा. नापास होण्याची धास्ती, वर्गातला छळ, घरातली दारू, डोक्यावरचं कर्ज, काहीही असू शकतं.

ऊसतोडीला जावं लागतं, त्यात आईबापांचा दोष नाही. पण पोरांची शाळा सुटू देऊ नका. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर पोरं जिथं राहतात, असं हंगामी वसतिगृह गावात आहे का, हे निघण्याआधीच मुख्याध्यापकांना विचारा.

चिडचिड, उडालेली झोप, एकटं एकटं राहणं दोन आठवडे टिकलं तर "वयच तसं आहे" म्हणून सोडू नका, आणि बाहेरचं बघण्यात वेळ घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ आहे.

"जगून काय करू" असं पोर म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.