गळा दाबल्याच्या तक्रारीचा तपास कसा करावा

घरातील मारहाणीच्या तक्रारीत गळा दाबल्याचा उल्लेख आला, की तपास अधिकाऱ्याने ते प्रकरण किरकोळ मारहाण न मानता जिवावरचा हल्ला म्हणून हाताळावे. मानेतील रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यास माणूस सुमारे १० सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो. शिवाय अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून अधिक होती.

तपास बहुतेक वेळा फसतो तो मानेवरच्या वळांपाशी. अमेरिकेतील सॅन दिएगो शहरातील अशा ३०० प्रकरणांपैकी जवळपास निम्म्यांत पोलिसांना एकही खूण दिसली नव्हती. म्हणून ‘खुणा नाहीत’ एवढे लिहून थांबू नये. गळा हाताने दाबला, कोपराच्या विळख्यात धरला की कापडाने आवळला, श्वास घेता येत होता का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, आता आवाज बसला आहे का, गिळताना दुखते का आणि त्या वेळी आरोपी काय बोलत होता, हे सारे पीडितेला विचारून उत्तरे तिच्याच शब्दांत लिहावीत. कपड्यांत लघवी झाली का, हा प्रश्न मात्र एकांतात आणि सन्मानाने विचारावा. शुद्ध हरपल्याचे तिला स्वतःला आठवत नसले, तरी ही खूण ते सुचवू शकते. मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने घटनाक्रम तुटक आठवतो, त्यामुळे जबाबातील विसंगतीला खोटेपणा समजणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरतो.

वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी व्हावी, कारण मानेतील धमनीचे आतले अस्तर फाटल्यास काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. तशी शंका असल्यास डॉक्टरांनी मानेची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची स्कॅन तपासणी) करावी. पापण्यांच्या आतले आणि कानांमागचे लाल ठिपके पाहावेत, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा छायाचित्रे घ्यावीत, कारण काळेनिळे डाग उशिरा उमटतात. आरोपीच्या हातावर ओरखडे किंवा चावा दिसला, तर तो तिने स्वतःला सोडवताना झाला असेल का हे तपासल्याशिवाय तिलाच हल्लेखोर ठरवू नये.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ७ जून २०२२ पासून गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. असे कलम जिथे आहे तिथे सरकारी वकिलांनी तेच लावण्याचा आग्रह धरावा, बाह्य जखम नसतानाही जिवाला धोका कसा होता हे तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षीने न्यायालयापुढे मांडावे, जामिनाला विरोध करताना पुढील खुनाचा धोका स्पष्टपणे सांगावा, आणि तरीही जामीन मिळालाच, तर आरोपी बाहेर येण्यापूर्वी ते तिला कळेल अशी व्यवस्था करावी.