अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसचं फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग: या चुका टाळा

कुडाळच्या एमआयडीसीत आम्ही ५०८३ या अॅल्युमिनियम मिश्रधातूची प्लेट ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला जोडली, तेव्हा पहिला तुकडा दिसायला देखणा आला. वरची रेघ एकसारखी, कुठे खड्डा नाही. पोऱ्याने तो व्हाइसमध्ये धरून हातोडीचा एक ठोका दिला आणि ओरडला, "दादा, ह्यां तर बिस्किटासारख्या मोडला!" मोडलेल्या कडेला स्टेनलेसच्या अंगाने करडा, सपाट थर दिसत होता. ताणून तुटलेला धातू कुठेच नव्हता.

अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ३०४ साधारण १४०० च्या पुढे. फ्रिक्शन स्टिर वेल्डिंगची ही पद्धत १९९१ साली इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूआय संस्थेत निघाली. तिच्यात धातू वितळत नाही, फिरत्या टूलखाली मऊ होऊन मळला जातो. तरी गरम स्टेनलेसमधलं लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना भिडले की त्यांचं ठिसूळ संयुग तयार होतंच. हा थर एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर जोड धरतो, १० मायक्रॉनच्या वर गेला की ठोक्याला टिकत नाही. सगळी मेहनत तो पातळ ठेवण्यासाठीच असते.

आमची पहिली चूक म्हणजे पिन (टूलच्या खालचा, धातूत घुसणारा खुंटा) बरोबर सांध्यावर लावली. अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियम जोडताना ते चालतं, इथे नाही. पिन जवळजवळ सगळी अॅल्युमिनियममध्ये ठेवा, स्टेनलेसची कड तिने जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी खरवडायची. त्या खरवडीने कडेवरचा ऑक्साइड निघतो आणि ताजा धातू उघडा पडतो, तेवढंच हवं असतं. पिन जास्त आत गेली की स्टेनलेसचे मोठे कण अॅल्युमिनियममध्ये विखुरतात, भोवती पोकळ्या राहतात आणि एच १३ या टूल स्टीलची पिन झिजते. म्हणून सांध्याची रेषा डायल गेजने दोन्ही टोकांना तपासा. नजरेच्या अंदाजाने ०.१ मिमी सापडत नाही.

दुसरी चूक बाजूंची अदलाबदल. टूल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत तुमच्यापासून पुढे जात असेल, तर स्टेनलेस डाव्या हाताला ठेवा. प्लेटा एकावर एक ठेवून जोडायच्या असतील तर अॅल्युमिनियम वर ठेवा आणि पिनचं टोक खालच्या स्टेनलेसला नुसतं टेकू द्या.

जोड धरत नाही म्हणून आरपीएम (टूलचे मिनिटाचे फेरे) वाढवायचे आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करायचा, हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. त्याने उष्णता वाढते आणि नेमका तो ठिसूळ थर जाड होतो. शिवाय ३०४ मधून उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने फारच हळू वाहते, त्यामुळे ती सांध्यापाशीच साचते. कडेला भरपूर फ्लॅश (बाहेर दाबला गेलेला जादा धातू) आणि ठोक्याला मोड दिसली तर आरपीएम उतरवा किंवा फीड वाढवा. उलट कापून पाहिल्यावर आत लांब बोगदा दिसला, तर टूल थंड चाललंय किंवा दाब कमी पडतोय. एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा.

क्लॅम्पिंगबद्दल थोडक्यात: साध्या मिलिंग मशीनवर करत असाल तर खालची बॅकिंग प्लेट जाड घ्या. प्लेटा किंचित जरी सरकल्या तरी वर सांगितलेलं माप वाया जातं.

आता आपल्या कोकणाचं. पावसाळ्यात इथल्या दमट, खाऱ्या हवेत घासलेलं अॅल्युमिनियम रात्रभर उघडं ठेवून सकाळी जोडू नका. अॅल्युमिनियमसाठी वेगळा स्टेनलेसचा ब्रश ठेवा, नंतर अॅसिटोनने पुसा आणि लगेच काम सुरू करा. लोखंडावर वापरलेला ब्रश अजिबात नको.

जोड होडीवर जायचा असेल तर खरी परीक्षा पुढे आहे. खारं पाणी मिळालं की स्टेनलेसला वाचवत अॅल्युमिनियम स्वतः झिजतं. बरेच जण फक्त अॅल्युमिनियमला रंग देतात, ते घातक आहे: रंगाला एक ओरखडा पडला की मोठ्या उघड्या स्टेनलेसचा सगळा मारा त्या बारीक जागेवर येतो आणि तिथे भोक पडतं. इपॉक्सी प्रायमर दोन्ही धातूंवर, सांध्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्यात द्या. एकाच धातूला देण्याइतकाच रंग असेल तर तो स्टेनलेसला द्या. टूल बाहेर निघताना शेवटी राहणारं भोकही जॉबवर राहू देऊ नका. टोकाला जादा पट्टी लावून ते तिच्यात न्या आणि पट्टी कापून टाका, नाहीतर त्या भोकात साचलेलं खारं पाणी सांध्यात शिरतं.