नोटीस, पाटी, बायोडेटा: इंग्रजीतल्या या चुका टाळा

दादरला आमचं डीटीपीचं दुकान आहे. सोसायटीच्या नोटिसा, दुकानांच्या पाट्या, बायोडेटा, व्हिजिटिंग कार्डं, सगळं माझ्या हाताखालून जातं. येणाऱ्यांना इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. त्यांना घाई असते. त्याच त्याच चुका रोज दुरुस्त करते आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात महागात पडतो तो स्वल्पविराम. माटुंग्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी थकबाकीची नोटीस घेऊन आले होते. मजकूर होता, ‘मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल बी चार्ज्ड इंटरेस्ट.’

मी म्हटलं, “काका, हे दोन्ही कॉमा काढू या.”

“अगं, वाचताना श्वास घ्यायला जागा नको का? आहे तसंच छाप. कमिटी खोळंबलीय तिकडे.”

छापून दिलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागली आणि बिल्डिंगमधले एक निवृत्त वकील मेंटेनन्सची पावती घेऊन ऑफिसात हजर. या दोन कॉमांमुळे वाक्याचा अर्थ असा होतो, की एकाही मेंबरने मेंटेनन्स भरलेला नाही आणि व्याज सगळ्यांनाच लागणार. वकीलसाहेबांचं अगदी बरोबर होतं. पण त्यांच्या मुद्द्याचा फायदा घेतला थकबाकीदारांनी. नोटीसच चुकीची, मग व्याज कसलं, असं म्हणून त्यांनी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, हिशेबाचा विषय पुढे सरकू दिला नाही. मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, थकबाकीवर व्याज लावता येतं. रक्कम लहान नसते, त्यामुळे माणसं भांडतातच. शेवटी कॉमा काढून नवी नोटीस छापावी लागली.

ही चूक आपल्याकडे इतकी का होते, तेही सांगते. मराठीत आपण ‘ज्यांनी मेंटेनन्स भरलेला नाही, त्यांना व्याज लागेल’ असं लिहितो. तिथे स्वल्पविराम हवाच. तीच सवय इंग्रजीत गेली की घोटाळा होतो. माझी पद्धत सोपी आहे. दोन कॉमांमधला मजकूर बोटाने झाकायचा. उरलं ‘मेंबर्स विल बी चार्ज्ड इंटरेस्ट’. तुम्हाला हेच म्हणायचंय का? नसेल, तर कॉमा काढा. श्वासाचा इथे काही संबंध नाही.

“एवढ्याशा कॉमाने काय बिघडतं?” असं विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतला दाखला देते. मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम कुठल्या कामांना लागू नाही त्याची यादी होती. तिचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा, आणि ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, हे सगळं एकच काम आहे, पॅकिंगचं. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो, तेव्हा ओव्हरटाइम द्या. 2017 साली अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018 मध्ये डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. त्या यादीत नंतर प्रत्येक कामापुढे अर्धविराम आला. म्हणून कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन टाइप करताना शेवटच्या ‘अँड’च्या किंवा ‘ऑर’च्या आधी मी कॉमा देतेच. कुणाला तो जुनाट वाटला तरी चालेल.

माझा दुसरा कायमचा त्रास अॅपॉस्ट्रॉफीचा, म्हणजे अक्षराच्या बाजूला वर येणाऱ्या, कॉमासारख्या चिन्हाचा. अनेकवचन करायला अॅपॉस्ट्रॉफी लागत नाही. सँडविच, ज्यूस, मोबाइल, कशाच्याही पुढे नुसता एस किंवा ईएस लावायचा. एस दिसला की त्याच्या आधी ते चिन्ह ठेवायची सवय पाटी रंगवणाऱ्यांपासून एमबीएवाल्यांपर्यंत सगळ्यांना आहे. ‘युअर्स फेथफुली’मध्ये तो नसतो. आय, टी, एस या ‘इट्स’मध्ये तो फक्त ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणायचं असेल तेव्हाच. मालकी दाखवायची असेल तर नाही. फोनचा ऑटोकरेक्ट इथे हमखास दगा देतो, त्यामुळे फोनवर टाइप केलेलं मॅटर आलं की मी सगळे ‘इट्स’ आधी शोधते.

विशेषनामांना मात्र नियम लावत बसू नका. लंडनच्या ट्यूबमध्ये अर्ल्स कोर्टला अॅपॉस्ट्रॉफी आहे आणि पिकॅडिली लाइनवर शेजारच्याच बॅरन्स कोर्टला नाही. आपल्याकडे सेंट झेवियर्स कॉलेज तो लावतं. बायोडेटात कॉलेजचं नाव सर्टिफिकेट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच उतरवा.

बाकीच्या चुका पटापट सांगते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘रिव्हर्ट बॅक’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ काढा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, एस विसरू नका. फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांना कधीच एस नाही. कॉमाच्या आधी स्पेस नाही, नंतर हवी. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या मॅटरमध्ये हे नेमकं उलटं असतं. आणि ‘फ्रेश’ माशांच्या पाटीवर फ्रेशला अवतरणचिन्हं लावू नका. मासे ताजे नसल्याची शंका येते. जोर द्यायचा असेल तर अक्षर ठळक करा.

‘प्रीपोन’वर लाल पेन मारणाऱ्यांशी मात्र मी भांडते. तो इथे घडलेला, कामाचा शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. बेलाशक वापरा.

स्क्रीनवर प्रूफ वाचून काम भागतं, यावर माझा विश्वास नाही. कागदावर प्रिंट काढायची, ओळीखाली पट्टी धरायची आणि मोठ्याने वाचायचं. नुकते काम शिकायला आलेले पोरगे याला कंटाळतात. सॉफ्टवेअरने तपासलंय, म्हणतात. पण वरच्या नोटिशीत स्पेलिंगची एकही चूक नव्हती. सॉफ्टवेअरला काय कळणार की तुमच्या बिल्डिंगमध्ये मेंटेनन्स कोणी भरलाय आणि कोणी नाही?

एजीएमची नोटीस चौदा दिवस आधी द्यायची असते, हे सगळ्या सेक्रेटरींना ठाऊक असतं, तरी मॅटर येतं ते आदल्या संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या बेताला. दोन दिवस आधी आणा. प्रूफ घरी न्या, घरातल्या एखाद्याला वाचायला द्या, आणि सकाळी दुरुस्त्या पेनाने कागदावर लिहून आणा. फोनवर सांगितलेल्या दुरुस्त्या मी घेत नाही.