वॉर्डात डॉक्टरांच्या मागे फिरायचं असेल तर

डॉक्टर व्हायचं की नाही हे ठरवायला अधूनमधून मुलं-मुली माझ्यामागे वॉर्डात फिरायला येतात. बहुतेकांना ऑपरेशन बघायचं असतं. मी पडले मेडिसिनची, चाकू न चालवणारी. त्यामुळे पहिल्या दिवशी थोडा हिरमोड होतो.

परवानगी आधी काढा, आणि नुसती डॉक्टरांची तोंडी नको, हॉस्पिटलची लेखी हवी. सलग तीन-चार दिवस मागा, त्यात एक रात्रपाळी मिळाली तर सोडू नका. लशींच्या नोंदी, विशेषतः हिपॅटायटिस बीच्या, जवळ असू द्या. बूट बंद आणि न घसरणारे, बाह्या कोपराच्या वर, मनगट मोकळं. सॅनिटायझर हातावर घेतलं की २० ते ३० सेकंद चोळायचं. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहतात.

येताना पोटभर खाऊन या, हे मी दरडावून सांगते. विद्यार्थी असताना एका पेशंटच्या छातीतलं पाणी काढताना मी उपाशीपोटी, गुडघे ताठ करून उभी होते. आधी जांभया आल्या, मग घाम, मग कानात गुणगुण. तरी 'मी ठीक आहे' म्हणत राहिले आणि थेट ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कोसळले. पेशंटला सोडून सिस्टर माझ्याकडे धावल्या, याची लाज अजून वाटते. खूप वेळ ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, त्यात धसका बसला की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. यात भित्रेपणा नाही. पहिल्या जांभईलाच मागे सरका आणि सरळ जमिनीवर बसा.

प्रत्येक खाटेपाशी मी विचारते, "ही शिकायला आली आहे, थांबली तर चालेल ना?" पेशंट नाही म्हणाला तर चेहरा न पाडता बाहेर जायचं. लेनेक या फ्रेंच डॉक्टरला १८१६ मध्ये एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदाची सुरळी लावून ठोके ऐकले. स्टेथोस्कोप आला तो असा, संकोचातून. तेव्हा पडदा ओढला गेला की बोलावल्याशिवाय आत डोकावू नका.

पेशंट तुम्हालाही डॉक्टरच समजतील. "मला नक्की काय झालंय?" असं कुणी विचारलं तर "मी विद्यार्थी आहे, डॉक्टरांना सांगते" एवढंच म्हणा, आणि खरंच येऊन सांगा. कुणी पाणी मागितलं तरी परस्पर देऊ नका. त्यांना तपासणीसाठी उपाशी ठेवलेलं असू शकतं, किंवा पाणी मोजून द्यायचं असू शकतं. तुमच्या मनातले प्रश्न कॉरिडॉरमध्ये विचारा, तेही आजूबाजूला नातेवाईक नाहीत हे बघून.

वही ठेवा, पण त्यात नाव, खाट क्रमांक काही नको. फोटो तर नाहीच. मग लिहायचं काय? दर पंधरा मिनिटांनी डॉक्टर काय करत आहेत ते. एका मुलानं सकाळी नऊ ते एक अशी नोंद ठेवली होती. खाटेपाशी जेमतेम सव्वा तास. बाकी सगळं लिहिणं, फोन, रिपोर्ट शोधणं आणि एकाच नातेवाइकाला तीच गोष्ट तिसऱ्यांदा समजावणं. ते पान बघून मीच चपापले. तो मात्र म्हणाला, "मॅडम, ते तिसऱ्यांदा सांगणं मला आवडलं." दुसऱ्या एका मुलीनं तसंच पान भरलं आणि हे आपल्याला जमणार नाही असं स्वच्छ सांगितलं. दोघांचेही दिवस सत्कारणी लागले असं मी धरते.

एक सकाळ सिस्टरांसोबतही काढा. निघताना ओळखपत्र परत करा, आणि आभार मानायला आधी त्यांच्याकडे जा. मी राउंडवर असेन.