मैफलीत व्हायोलिनची तार तुटल्यास काय करावे

ऑर्केस्ट्रासोबत एकलवादन चालू असताना तार तुटली, तर ती बदलत बसू नये. शेजारच्या कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे ऑर्केस्ट्रातील प्रमुख व्हायोलिनवादकाच्या, हाती आपले वाद्य द्यावे, त्याचे घ्यावे आणि लगेच पुढच्या सुरावर रुजू व्हावे. १९८६ मध्ये अमेरिकेतील टँगलवूड येथे १४ वर्षांच्या व्हायोलिनवादक मिदोरीची ई तार, म्हणजे सर्वांत बारीक तार, एकाच रचनेत दोनदा तुटली. दोन्ही वेळा तिने उसने वाद्य घेतले, तेही स्वतःच्या वाद्याहून मोठे, आणि रचना पूर्ण केल्यावर संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी तिला मिठी मारली. हे धैर्य खरोखर विलक्षण होते! परक्या वाद्यावर हनुवटीचा टेकू आणि बोटांमधले अंतर दोन्ही बदलतात, म्हणून तालमीतच एकदा अदलाबदल करून पाहावी.