स्पेसर लावायचाय? आधी ओळंबा आणा

मी जुनी ऑडी क्यू सेव्हन घेतली तेव्हा आधीच्या मालकाने २१ इंची रिम आणि मागे १५ मिमीचे स्पेसर लावलेले होते, दिसायला गाडी एकदम भारी, वाड्यातली पोरं फोटो काढायची. स्पेसर म्हणजे चाक बाहेर काढायला रिम आणि हबच्या (चाक ज्याच्यावर बोल्टने बसतं तो भाग) मध्ये घालायची धातूची चकती, मला तेही तेव्हा नीट माहीत नव्हतं. गणपतीत रात्री धो धो पावसात रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या पुढे समोरून एसटी आली म्हणून डावीकडे घेतली, साइडपट्टी खचलेली, डांबराची कड थेट मागच्या टायरच्या पोटात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटला की पंक्चरवाला हात जोडतो, तिथे काय पॅच बसत नाही.

खरी मजा पुढे. स्पेसर खारट हवेने रिमला एवढा चिकटलेला की चाकाबरोबर तोही निघून आला, आणि तशीच स्टेपनी लावली तर स्पेसरसाठीचे लांब बोल्ट हबच्या मागून बाहेर, चाक हाताने फिरवलं की कट कट आवाज. मूळ आखूड बोल्ट? ते आधीच्या मालकाने दिलेच नव्हते. शेवटी पालीवरनं एकाला बोलावलं, त्याने लाकडी ठोकळा लावून ठोकून ठोकून स्पेसर सोडवला आणि तो मध्ये घालून स्टेपनी बसवली, तोवर मागच्या सीटवर आईच्या मांडीवरच्या मोदकांच्या डब्याला मुंग्या लागलेल्या.

तर त्यानंतर जे शिकलो ते सांगतो, तुमची गाडी दुसरी असली तरी हिशोब हाच.

आधी टायर. २५५/५५ आर १९ म्हणजे रुंदी २५५ मिमी, साइडवॉल त्याच्या ५५ टक्के म्हणजे १४० मिमी, आणि रिम १९ इंच म्हणजे ४८३ मिमी, वर खाली दोन साइडवॉल धरून पूर्ण उंची ७६३. आता २८५/४० आर २१ काढा, साइडवॉल ११४, उंची ७६१. म्हणजे चाक तेवढंच, फक्त रबर कमी आणि लोखंड, सॉरी अलॉय, जास्त. ते कमी झालेले २६ मिमी रबर म्हणजेच आपल्या खड्ड्यांची आणि चिऱ्यांच्या कडांची उशी. पुण्या-मुंबईच्या एक्सप्रेसवेवर २१ इंची घाला, चालेल. आंबा घाटातून वर्षातनं चार वेळा जायचं असेल आणि घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर जांभ्याचा असेल तर माझं ऐका आणि १९ वर या. अजून खाली १८ वर जाता येतं का ते ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्कला पकडणारा भाग) आहे, रिम घेण्याआधी एक चाक चढवून हाताने फिरवून बघायचं, घासलं तर विषय संपला.

साइडवॉल वाढवायचा मोह होतो, पण २५५/६० आर १९ घातला तर उंची ७८९ होते, साडेतीन टक्क्यांच्या जवळ फरक, मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ने पळतेय आणि मडगार्डच्या आतल्या लायनरला घासायची भीती वेगळीच. मी तीन टक्क्यांच्या आत राहतो. फोर व्हील ड्राइव्हला चारही टायर एकाच उंचीचे हवेत, दोन नवे कोरे आणि दोन झिजलेले असं करू नका, त्याचा ताण डिफरन्शियलवर (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) येतो आणि ते काम टायरपेक्षा लय महाग पडतं.

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप हे कोरड्या रस्त्यापुरतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो भाऊ, रस्त्यावर पाणी साचलं की रुंद टायर लवकर तरंगतो. टायरवरचा लोड इंडेक्स कंपनीने दिलाय त्यापेक्षा खाली नको, १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो. बनवल्याचा आठवडा आणि वर्ष टायरवरच असतं, २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. हे दुकानात वाकून स्वतः बघा.

आता स्पेसर. खरं सांगायचं तर हा शोभेचा प्रकार आहे, चाक आत गेलेलं दिसतं म्हणून बाहेर काढायचं, बाकी हँडलिंग वगैरे गप्पा. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. तरी लावायचाच असेल तर किती जाडीचा ते अंदाजाने ठरवू नका. गाडी सपाट खळ्यात उभी करा, एअर सस्पेन्शन असेल तर नॉर्मल उंचीवर, आणि गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून खाली सोडा. दोरी आणि टायरच्या सगळ्यात फुगीर भागात जे अंतर येतं त्यातनं किमान ५ मिमी सोडून द्या, उरलं तेवढाच स्पेसर. मला मागे १७ मिळाले, म्हणजे १२चा पुरे होता, १५ त्या गृहस्थाने हौसेने घातला. ऑफसेटच्या (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, त्यालाच ईटी म्हणतात) भाषेत ईटी २८च्या रिमला १२चा स्पेसर म्हणजे ईटी १६, आणि दोन्ही बाजूंना लावला की ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, २४ने वाढतो.

बसवल्यावर घासतंय का ते बघायची माझी पद्धत हसण्यासारखी आहे पण चालते. आईने भाकरीसाठी मळलेल्या पिठातला गोळा मडगार्डच्या आत चिकटवायचा, सगळी माणसं बसवायची, स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवत एखादा उंच गतिरोधक पार करायचा. गोळा चेपला की किती जागा उरली ते जाडीवरून कळतं.

स्पेसर घेताना पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोक गाडीच्याच मापाचं हवं, २०१५ नंतरच्या क्यू सेव्हनला ५ बाय ११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी) आणि ६६.५ मिमी. स्पेसरला बाहेरून स्वतःची कड असावी, म्हणजे रिम तिच्यावर बसते. कड नसलेले पातळ चकत्यांसारखे मिळतात ते हबची कड खाऊन टाकतात, मग रिम नुसती बोल्टवर लटकते आणि ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग कितीही करा. बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढेच जास्त लांब, ना कमी ना अधिक, एम १४च्या बोल्टचे किमान दहा फेरे हबमध्ये गेले पाहिजेत, ते हाताने मोजा. बोल्टचं डोकं पण मूळ आकाराचंच, ऑडीला गोल बुडाचं लागतं, टोकदार बसवलं तर ढिलं होणारच.

हवेच्या गनने आवळू देऊ नका. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा), मॅन्युअलमधला आकडा, चांदणीच्या क्रमाने, आणि ५०-६० किमी झाले की परत एकदा. लावण्याआधी हबचा गंज वायर ब्रशने काढा, हबच्या तोंडावर अँटी सीझचा (भाग चिकटू न देणारं मलम) पातळ थर द्या, बोल्टच्या आट्यांना मात्र अजिबात नको, नाहीतर टॉर्क चुकतो. दाभोळची फेरी किंवा गुहागरचा किनारा झाला की चाकांवर आतून गोडं पाणी मारा. बदल केल्याचं विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

मी आता १९ इंचीवर आहे, मागे १२चे स्पेसर, वाड्यातली पोरं फोटो काढत नाहीत. स्टेपनीखाली जुन्या तेलकट फडक्यात मूळ लांबीचे पाच बोल्ट गुंडाळून ठेवलेत, आणि पालीवाल्याने जाताना दिलेला तो लाकडी ठोकळा.